ओल्ड केंट रोडवरची मंडळी

रविवारी सकाळी ५३ नंबरची बस दक्षिण लंडनमधल्या ओल्ड केंट रोडला लागली की बसमधली माणसं बदलत जातात. डोक्याला कडक, चमकत्या कापडाचे उंच फेटे बांधलेल्या बायका चढतात, पायघोळ अंगरख्यांतले पुरुष चढतात, बूट चकचकीत केलेली मुलं चढतात, आणि बहुतेकांच्या हातात बायबल असतं. रस्ता मात्र रुक्ष आहे. दोन्ही बाजूंना टायरची दुकानं, फरशांची शोरूम्स, गालिच्यांची गोदामं. त्यांच्याच शटरांच्या वर, शेजारी, कधी मागच्या बोळात चर्चच्या पाट्या दिसू लागतात. रोहॅम्प्टन विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासात एकट्या साउथवर्क बरोमध्ये, म्हणजे इथल्या पालिकेच्या हद्दीत, कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेली २४० चर्चेस मोजली गेली होती. मध्ययुगात कँटरबरीच्या यात्रेला निघालेले लोकही याच रस्त्याने चालत जात.

माझी धाकटी बहीण लंडनला नर्स आहे. तिच्या वॉर्डातल्या एका नायजेरियन सहकारी बाईंनी मला आग्रहाने बोलावलं होतं. "तुझी बहीण पाळकांच्या घरातली ना? मग तिने आमची मंडळी बघायलाच हवी," असा त्यांचा निरोप होता. मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये जमणारे लोक. मी नाशिकच्या शरणपूरची. आजोबा पाळक होते, त्यामुळे चर्च म्हणजे माझ्यासाठी घरचं अंगण. पण आमच्याकडची उपासना शांत, ठरल्या क्रमाने चालणारी. इथे जिना चढतानाच वरून ढोलाचा आवाज आला.

हे चर्च म्हणजे एका गोदामाचा पहिला मजला. रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड या नायजेरियन संस्थेची ही एक शाखा. १९५२ साली लागोसमध्ये जोसाया अकिंदायोमी यांनी ही संस्था सुरू केली. १९८१ पासून एनॉक अडेबॉये तिचे प्रमुख आहेत. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. विकसित देशांत कुठल्याही घरापासून गाडीने पाच मिनिटांवर आपलं एक चर्च असावं, हे या संस्थेचं जाहीर उद्दिष्ट आहे. दक्षिण लंडनमध्ये फिरताना त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आफ्रिकी ख्रिस्ती माणूस लंडनला काल आलेला नाही. शेजारच्याच पेकहॅममध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात थॉमस ब्रेम-विल्सन यांनी समनर रोडवर चॅपल उभं केलं. ते आजच्या घानातून आलेले व्यापारी होते. १९६० नंतर नायजेरियातून विद्यार्थी आले. शिकून परत जायचं ठरवून आलेल्या अनेकांचा मुक्काम इथेच पडला. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले, नायजेरियाचं चलन नायरा घसरला आणि कुटुंबंच्या कुटुंबं इकडे आली. अगदी अलीकडे वृद्धांची आणि आजाऱ्यांची देखभाल करण्याच्या कामासाठी माणसं आली. मार्च २०२४ पासून नव्याने आलेल्या केअर वर्करना नवरा, बायको, मुलं सोबत आणता आली नाहीत, आणि जुलै २०२५ पासून परदेशातून या कामासाठी नव्याने येणंच बंद झालं. या मंडळीत एकट्या बायका इतक्या का दिसतात, ते या नियमातून कळतं.

उपासनेआधी मोठ्यांचं संडे स्कूल असतं. आमच्याकडे संडे स्कूल म्हणजे लहान मुलांचं काम, इथे साठीचे गृहस्थही वही उघडून बसले होते. सगळ्या शाखांसाठी मुख्यालयाकडून पाठांचं एकच पुस्तक येतं. त्या दिवशीचा पाठ बायबलमधल्या यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायावर होता. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना संदेष्टा पत्र लिहितो: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण बर्मिंगहॅमहून आदल्या रात्रीची ड्यूटी संपवून आलेली एक बाई उभी राहून म्हणाली, "ज्या शहराने मला अजून घराची किल्ली दिली नाही, त्याच्यासाठी मी प्रार्थना कशी करू?" वर्गात कुणी तिला गप्प केलं नाही. शिक्षिकेने शेजारच्या माणसाला विचारलं, त्याने पुढच्याला. वीस मिनिटं याच एका प्रश्नावर गेली. इतकं खरं शास्त्रवाचन मी फार कमी ठिकाणी ऐकलं आहे.

महिन्याचा पहिला रविवार उपकारस्तुतीचा असतो. बोलका ढोल काखेत दाबून वाजवणारा तरुण पुढे झाला आणि अख्खी मंडळी रांगेने नाचत दानपेटीकडे निघाली. गाणी योरुबात, प्रवचन इंग्रजीत, आणि प्रार्थना सगळ्यांच्या एकाच वेळी, मोठ्या आवाजात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीत अशाच एकत्र, मोठ्याने, तासन् तास प्रार्थना करत असत. त्या आठवणीने मला तो गलका परका वाटला नाही. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देणं, आणि आशीर्वाद यांची सांगड मात्र या व्यासपीठावरून जितक्या ठामपणे घातली गेली, तितकी मला मान्य नाही. भाडं भागवताना मेटाकुटीला आलेल्या माणसासमोर हा विषय जपून मांडावा असं मला मनापासून वाटतं, आणि जेवताना मी तसं बोललेही.

नव्या लोकांना उभं करून नाव-गाव विचारतात. मी नाशिक सांगितलं, सगळ्यांनी स्वागताचं गाणं म्हटलं, आणि नंतर भिजवून साल काढलेल्या चवळीची, कांदा-लाल मिरची घालून वाफवलेली मोईमोई माझ्या ताटात दोनदा पडली. छान वाटलं. पण पाहुण्याचं कौतुक कुठेही होतं. परका माणूस या मंडळीचा होतो तो शनिवारच्या वर्गात. त्या वर्गाला बसू द्या, अशी मी विनंती केली आणि त्यांनी मोकळ्या मनाने होकार दिला.

क्रम ठरलेला आहे. आधी विश्वासणाऱ्यांचा वर्ग, मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा, मग वर्कर, म्हणजे मंडळीतलं एखादं काम अंगावर घेणारा, होण्यासाठीचं प्रशिक्षण. ज्यांना आणखी खोलात जायचं त्यांच्यासाठी शिष्यत्वाची वेगळी शाळा आहे. इथे नुसतं सभासद असून फारसं भागत नाही. "तू कुठल्या विभागात?" हा लोक एकमेकांना विचारतात असा पहिला प्रश्न.

वर्गात दहाबारा जण होते. शिक्षिका भूमिगत रेल्वेतून निवृत्त झालेल्या, नायजेरियातल्या इकितीकडच्या, आवाज खणखणीत. प्रार्थना आणि उपास यांवरचा भाग तासाभरात आटोपला आणि त्या म्हणाल्या, आता दाराशी उभं राहायला शिका. मग स्वतः बाहेर गेल्या, कोट आणि मोठी बॅग घेऊन, दार आपटत, उशिरा आलेल्या बाईच्या आवेशात आत शिरल्या. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने त्यांना बसवायचं होतं. त्याने बोटाने खुर्ची दाखवली. "पुन्हा!" बोट दाखवायचं नाही, उघड्या हाताने वाट दाखवायची. पाहुण्याच्या पुढे चालायचं, मागे नाही. बाबागाडी असेल तर कडेची खुर्ची द्यायची. प्रार्थना चालू असताना कुणालाही ओळींमधून न्यायचं नाही. आग लागली तर कुठल्या दाराने लोक काढायचे. माणसं मोजायची, आणि दुसऱ्याने ती पुन्हा मोजायची. मुलांच्या विभागात काम करायचं तर आधी पोलिसांकडच्या नोंदींची डीबीएस तपासणी, त्यात पाळकांच्या नातेवाइकालाही सूट नाही. शेवटी गृहपाठ: गेल्या रविवारी न आलेल्या एकाला बुधवारपर्यंत फोन करायचा, आणि तो का आला नाही हे न विचारता कसा आहे हे विचारायचं.

माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ इबादानच्या बँकेत हिशेबनीस होते. इथे रात्रपाळीला सुरक्षारक्षक आहेत. त्यांना दान मोजणाऱ्या गटात घेतलं होतं. पैसे दोघांनी मोजायचे, ते दोघे एका घरातले नसावेत, आणि कागदावर दोघांच्या सह्या. ते मला म्हणाले, "इथे आल्यापासून मी फक्त ड्यूटीच्या रजिस्टरवर सही करतो, सिस्टर. हिशेबाखाली सही करायची वेळ परत येईल असं वाटलं नव्हतं." शिष्यत्वाबद्दल मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. माणसाच्या हाताला जबाबदारीचं काम दिलं की तो आपला होतो, हे या खोलीत जितकं स्पष्ट दिसलं तितकं मला आधी कधी दिसलं नव्हतं. लंडन त्यांना मजुरी देतं. या मंडळीत त्यांच्या भरवशावर कुणीतरी अवलंबून असतं.

मुलांचा प्रश्न अवघड आहे आणि तिथले मोठे लोक तो लपवत नाहीत. घरी आईवडिलांना गुडघे टेकून नमस्कार करणारी मुलगी शाळेत शिक्षकांशी बरोबरीने बोलते. साउंड डेस्कवर बसलेली सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली, "आई सांगते आपण इकितीचे. मी तिथे कधी गेलेच नाही. योरुबातली गाणी मला पाठ आहेत, पण अर्थ विचारला तर अडखळते." घानाच्या चर्च ऑफ पेंटेकॉस्टने यावर एक वाट काढली आहे. आयरिश मिशनरी जेम्स मॅकिओन यांच्या कामातून उभं राहिलेलं हे चर्च, १९६२ पासून या नावाने ओळखलं जातं. त्यांनी स्थानिक भाषांतल्या मंडळ्यांच्या जोडीला इंग्रजीतून उपासना करणारी पीआयडब्ल्यूसी नावाची केंद्रं काढली. तरुणांची सोय झाली. काही आजी-आजोबांना नातवंडं दुसऱ्या छपराखाली गेल्याचं दुःखही झालं असणार. पुण्यात माझ्या भाचरांना मराठी उपासनेत बसवताना आम्ही याच अडचणीतून जातो, म्हणून मी कुणाची बाजू घेऊ शकत नाही. ओल्ड केंट रोडवर मात्र साउंड डेस्क, पडद्यावरची वचनं आणि लहान मुलांचे वर्ग त्यांनी पंधरा-वीस वर्षांच्या मुलांच्या हाती सोपवले आहेत, आणि चुका झाल्या तरी काढून घेत नाहीत. हे मला फार आवडलं. इंग्लंडला पुन्हा सुवार्ता सांगायची भाषाही तिथे सतत कानावर येते. पण त्या दिवशी खुर्च्यांवर गोरा चेहरा मला दिसला नाही. ते काम झालंच तर याच मुलांकडून होईल, असं मला वाटतं.

जागेचीही टांगती तलवार आहे. ओल्ड केंट रोडच्या परिसरात २०,००० नवी घरं बांधायची साउथवर्क कौन्सिलची योजना आहे, आणि भाड्याच्या गोदामांतल्या मंडळ्यांना अशा वेळी कुठे जायचं हे आधीच शोधून ठेवावं लागतं.

त्याच आठवड्यात मी वेस्टमिन्स्टर ॲबेला गेले. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या काळ्या शिळेपाशी मला मुद्दाम जायचं होतं. विश्वासू हातांनी जमिनीवरून आणि समुद्रावरून त्यांना इथे आणलं, असं शिळेवर कोरलं आहे. ते हात कुणाचे, हे तिथे लिहिलेलं नाही. त्यांतले काही हात आमच्या शरणपूरचे होते.

ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतल्या अनेकांना विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये वसवलेल्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत पाठवलं जाई. तिथे त्यांना शास्त्र शिकवत आणि सुतारकाम, लोहारकामासारखे धंदेही. जेकब वेनराइट त्यांतलाच, मूळचा याओ जमातीचा. १८७२ मध्ये नाशिकच्या काही तरुणांसह तो लिव्हिंग्स्टनना जाऊन मिळाला. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडावर त्यांचं नाव कोरलं. मग त्यांचे जुने आफ्रिकी सोबती सुसी, चुमा आणि बाकीच्यांनी तो देह शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी ॲबेमध्ये शवपेटीसोबत चालणाऱ्यांत जेकब होता.

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी हे सगळं शिक्षिकाबाईंना सांगितलं. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. नाशिकच्या बाकी मुलांचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की बरेच जण मोंबासाजवळ फ्रेअरटाउनला गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाची ती वसाहत १८७५ मध्ये याच प्राइसनी उभी केली. आणि १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी तिथे ज्या आफ्रिकी लोकांना डीकन, म्हणजे पाळकपदाच्या आधीची पायरी, म्हणून दीक्षा दिली, ते विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर दोघेही नाशिकला शिकलेले. "म्हणजे परक्या गावात शिकून घरी जाऊन मंडळी उभी केली," त्या म्हणाल्या, आणि सगळी नावं लिहून पाठवायला सांगितली.

नाशिकला आल्यावर मी ती व्हॉट्सॲपवर पाठवली, शरणपूरच्या जुन्या चर्चच्या फोटोसह. तासाभरात त्यांचं उत्तर आलं. नावं मिळाली, आता कोण कुठलं काम शिकला होता तेही शोधून कळवा, नव्या वर्गाला सांगायचं आहे.