बंदरात दहा तास, हातात सहा

क्रूझच्या वेळापत्रकात ‘नागासाकी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ असं दिसलं की लोक दहा तासांचा बेत आखतात. ते दहा तास जहाजाचे असतात. धक्क्याला लागलं तरी बंदराची मंजुरी येईपर्यंत कुणाला उतरू देत नाहीत. जपानमधलं ते पहिलंच बंदर असेल तर इमिग्रेशन, बोटांचे ठसे वगैरे सोपस्कार आले. दोन-तीन हजार माणसांच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. सुटायच्या अर्धा ते एक तास आधी जहाजावर परत यावं लागतं, आणि त्याआधीचा आणखी एक तास अडचणींसाठी राखून ठेवायचा. उरले सहा-साडेसहा.

व्हिसाचं मात्र घरूनच निस्तरा. भारतीय पासपोर्टला जपान, दक्षिण कोरिया, तैवान तिन्हीकडे परवानगी लागते. क्रूझवाल्यांसाठी काही सवलती असतात, पण त्या आपल्या जहाजाला लागू आहेत का, हे कंपनीकडून लेखी घ्या. योकोहामा–बुसान–नागासाकी असा मार्ग असेल तर जपानमध्ये प्रवेश दोनदा होतो, तिथे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. जपानचा चालू व्हिसा हाती असेल तर तैवानचा प्रवास परवाना ऑनलाइन, फी न भरता मिळू शकतो.

नागासाकी हे या भागातलं सगळ्यात सोयीचं बंदर. मात्सुगाए धक्क्यावरून ओउरा चर्च आणि ग्लोव्हर गार्डन पायी पाच-दहा मिनिटांवर. बाग टेकडीच्या उतारावर आहे आणि बहुतेक जण खालच्या दाराने चढत जातात. उलटं करा. इशिबाशी ट्रामथांब्याजवळ ‘ग्लोव्हर स्काय रोड’ नावाची तिरकी लिफ्ट आहे, तीही फुकट. ती वरच्या दारापाशी नेते, मग बाग उतरत बघायची. गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील तर दिवस वाचतो. १८६३ सालचं स्कॉटिश व्यापारी थॉमस ग्लोव्हर यांचं घर हे जपानमधलं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं पाश्चात्त्य धाटणीचं लाकडी घर.

अणुबॉम्ब संग्रहालयाकडे जायला ट्राम. ५ नंबरची, हिरव्या मार्गाची गाडी घेऊन शिंची चुकागाईला उतरायचं आणि अकासाकोकडे जाणारी १ नंबरची, निळ्या मार्गाची पकडायची. मागच्या दाराने चढा, उतरताना पुढच्या दाराशी पैसे भरा. भाड्याची पेटी सुटे परत देत नाही. शेजारच्या यंत्रात १००० येनची नोट आधीच मोडून घ्या. आयसी कार्ड (यंत्राला टेकवून भाडं भरायचं प्रीपेड कार्ड) असेल तर शिंचीला गाडी बदलताना दुसऱ्यांदा भाडं पडत नाही. जहाज आलेल्या दिवशी ५ नंबर खच्चून भरते, तेव्हा शिंचीपर्यंत वीसेक मिनिटं सरळ चालत जावं. आधी संग्रहालय, मग स्फोटकेंद्राची जागा, शेवटी शांती उद्यान असं पायी करा आणि हेइवा कोएन थांब्यावरून परत फिरा. संग्रहालयात घाई करू नका. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११:०२ ला थांबलेलं घड्याळ तिथे आहे, आणि त्यापुढे माणसं उभी राहतात ती राहतातच.

दक्षिण कोरियातल्या बुसानला पहिला प्रश्न: धक्का कोणता? एक टर्मिनल बुसान स्टेशनजवळ आहे, दुसरं योंगदो बेटावर, आणि त्याच्या आसपास सबवे नाही. डोंगरउतारावरच्या रंगीत घरांच्या गामचन गावासाठी सबवेच्या १ नंबर लाईनवरचं तोसंग स्टेशन आणि तिथून चढावरची छोटी बस. समुद्रकाठचं योंगगुंगसा मंदिर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे; दोन्ही एका दिवसात बसवू नका. चालायचा रस्ता बघायला नेव्हर मॅप वापरा, कोरियात गूगल मॅप पायी वाटेला फारसा कामाचा नाही.

तैवानमधल्या कीलुंगला बंदर आणि रेल्वे स्टेशन शेजारी शेजारी. लोकल गाडीने तैपेई पाऊण तासावर. जिउफेन या डोंगरावरच्या जुन्या गावाला ७८८ नंबरची बस जाते, पण खरी गंमत परतीला: दुपारनंतर बस आधीच भरून येते. तसं झालं तर टॅक्सीने रुइफांग गाठा, तिथून रेल्वे. मात्र रुइफांगहून कीलुंगला जाताना बहुतेक वेळा बादूला गाडी बदलावी लागते. न बदलता बसून राहिलात तर थेट तैपेईकडे निघालात. छत्री कायम जवळ ठेवा, कीलुंगची ओळखच पावसाचं बंदर अशी आहे.

इथेच घड्याळाचा घोळही होतो. जपान-कोरिया एका वेळेवर चालतात, तैवान त्यांच्या एक तास मागे. जहाजाने आपली वेळ जपानचीच ठेवली आणि मोबाईलने आपोआप तैवानची घेतली, की ५:३० ला परतायचं म्हणजे मोबाईलमधले ४:३०. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावं. कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी नाही, पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं.

खाण्यापिण्यात तैवान शाकाहाऱ्यांना सोपं. पाटीवर ‘सू’ (素, म्हणजे शाकाहारी) असेल तिथे बौद्ध पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचंही बरंचसं निभतं. जपानमध्ये उलट: भाजीच्या सूपमागेही बहुधा माशाचा ‘दाशी’ नावाचा अर्क असतो. आणि जहाजाच्या बुफेतलं सफरचंद पिशवीत टाकून उतरू नका, कस्टमवाले ते काढून घेतात, दंडही होऊ शकतो.