तुम्ही विचारलंत म्हणून: ओळख कुणाची होती?

"ताई, परभणीहून थेट टीव्हीवर? तिथं तुमची ओळख कुणाची होती?" लग्नाच्या पंगतीत, देवगिरी एक्स्प्रेसमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे मी आ वासून बसलेली असताना हा प्रश्न आलाय. तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते आता देते. ओळख कुणाचीच नव्हती. डोंबिवलीत मावशी होती.

वडील कृषी विद्यापीठात कारकून. गॅदरिंग, युवक महोत्सव हे सगळ्यांचं असतं तसंच माझं. पुढं औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच) विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकले आणि २००१ मध्ये मुंबईची गाडी धरली. वेळ बरी साधली, हे कबूल करायला हवं. दूरदर्शनच्या काळात मालिका म्हणजे आठवड्याला एक भाग, आणि १३ भाग मंजूर झाले तरी पेढे. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी आलं, रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि नर्स, शेजारीण, नवऱ्याच्या ऑफिसातली बाई अशी माणसं रोज लागू लागली.

माझं पहिलं काम नर्सचं. वाक्य एकच: "डॉक्टर, पेशंट शुद्धीवर येतोय." नाट्यशास्त्र शिकून आलेली मी, घाबरून म्हणाले, "पेशंट शुद्धीवर यायलाय." साउंडवाल्यानं हेडफोन कानावरून खाली घेतला. बेशुद्ध पेशंट चादरीखाली हसून गदगदायला लागला. ५ व्या टेकला जमलं. (दहाएक वर्षांनी एका मालिकेत मोलकरणीच्या भूमिकेसाठी हेच 'यायलाय' मुद्दाम बोला म्हणाले, तेही कोल्हापुरी हेल काढून. असो.)

त्या कामाचा चेक आला ९० दिवसांनी. आमच्या धंद्यात असंच चालतं: आज काम करा, पैसे तीन महिन्यांनी, त्यातूनही काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचा वाटा जाणार. एका निर्मात्यानं माझे ११ दिवसांचे पैसे अजून दिलेले नाहीत. तोवर माणसानं खायचं काय, निजायचं कुठं? माझ्याबरोबर ऑडिशनच्या रांगेत असायच्या त्यातल्या दोघी माझ्याहून उजव्या होत्या, हे मी विनयानं वगैरे सांगत नाही. त्यातली एक पेइंग गेस्टचं भाडं थकलं म्हणून ७ महिन्यांत लातूरला परत गेली.

मी मावशीच्या गॅलरीत होते. उशाशी वाळणाचं स्टँड, पाय पसरले की तुळशीची कुंडी. असं दीड वर्ष. माझं ओझं वाटू नये म्हणून माय येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर दर महिन्याला दहा किलो ज्वारी धाडायची. काका ती गिरणीतून दळून आणायचे. ताटात भाकरी पडली की ते गावाकडच्या पावसाचं विचारायचे, कापसाच्या भावाचं विचारायचे. "आज शूटिंग नाही का?" एवढं मात्र त्यांनी कधीच विचारलं नाही.

परवा जिंतूरच्या एका मुलीचा फोन आला. फोटो कुठं काढू, ऑडिशनला कोणता उतारा करू, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, "मुंबईत राहशील कुणाकडे?"

ती वैतागलीच. "ताई, मी ऑडिशनचं विचारायले, तुम्ही झोपायचं काय विचारायलाव?"