नकलेत तळं नाही

पुण्यातल्या हिराबागेचं तळं शोधण्यात माझे साडेचार महिने गेले. त्यातले तीन एका खिडकीपाशी. मोडी शिकणं त्यापुढे सोपं.

प्रश्न एवढाच, की पर्वतीच्या तळ्याचं पाणी बागेला कुठवर लागत होतं? नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढा अडवून तळं केलं, काठाला हिराबाग उठवली. सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये तळ्यातल्या बेटावर गणपती बसवला, तो आजचा सारसबागेतला. 'तळ्यातला गणपती' म्हणजे काय, हे आता मुलांना समजावून सांगावं लागतं.

काठ दाखवणारा जुना नकाशा ज्या कार्यालयात आहे, त्याचं नाव घेत नाही. अर्जात रकाना होता, 'मिळकतीशी संबंध'. मी लिहिलं, 'काही नाही, अभ्यास.' खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला.

"मालमत्ता पत्रक जोडा."

"अहो, आटलेल्या तळ्याचं पत्रक कुठून आणू?"

"मग मालकाची संमती."

दुसऱ्या खेपेला फ्लॉरेन्स सनद, म्हणजे जुन्या बागा जपण्याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, नेली. १९८१ च्या त्या मसुद्यात ऐतिहासिक बागेला जिवंत स्मारक म्हटलंय. "परदेशातलं चालत नाही." तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. चौथ्या खेपेला शिपाई रजेवर आणि रेकॉर्ड रूमची किल्ली त्याच्या खिशात. पाचव्या खेपेला माझा अर्जच सापडेना. दुसऱ्या प्रतीवर पोच आणि शिक्का घ्या हो, मी घेतला नव्हता.

शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला. त्यात 'नक्कल द्या' एवढंच न लिहिता 'अभिलेखाची पाहणी करून टिपणं घ्यायची आहेत' असंही लिहा, कायद्यात तो हक्क आहे. मुदत तीस दिवसांची, पत्र अठ्ठाविसाव्या दिवशी आलं.

नकाशा कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला. पाण्याला फिका निळा हात दिलेला, हौदाचा चौकोन, झाडांचे हिरवे ठिपके. मी किती वेळ नुसती बघत बसले! मग नक्कल हातात आली: काळ्या शाईत हद्दी आणि नंबर. तळं नाही, हौद नाही, एक झाड नाही.

"पाणी का नाही काढलं?"

"ती हद्द नाही ना, मॅडम."

मोबाइल काढू देत नाहीत, तेव्हा रंगीत पेन्सिली न्या. माझ्याकडे एकच शिसपेन्सिल होती. काठाची रेघ वहीत उतरवली आणि तिच्या एका बाजूला लिहिलं, 'इकडे निळं'.