दोन टक्क्यांचा आनंद

मागच्या आठवड्यात माझ्या मटेरियलचं हिमोलिसिस, म्हणजे त्याच्यामुळे रक्तातल्या किती लाल पेशी फुटतात ते, एकदाचं २ टक्क्यांच्या खाली आलं आणि मी खुशीत लॅबमधल्या सगळ्यांना टपरीवर तर्री पोहे खाऊ घातले. आता वाटून राहिलं की जरा घाईच झाली.

माझं स्कॅफोल्ड, म्हणजे कृत्रिम रक्तवाहिनीसाठीचा सच्छिद्र सांगाडा, कायटोसॅनचं आहे, झिंग्याच्या टरफलात कायटिन असतं ना, त्यापासून बनतं ते. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून फ्रीज-ड्राय केलं, म्हणजे गोठवून सुकवलं, की स्पंजसारखी पांढरी टिकली हातात येते. पहिल्या वेळी ती पातळ केलेल्या रक्तात टाकली, ३७ डिग्रीला तासभर ठेवली, सेंट्रिफ्यूज केलं तर वरचं पाणी चक्क रूहअफजासारखं लाल, म्हणजे लाल पेशी फुटल्या! ५ टक्क्यांच्या वर गेलं की मटेरियल हिमोलिटिक, आणि मी तर बरीच वर. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की आत उरलेलं अ‍ॅसिड मी नीट काढलंच नव्हतं. सोडियम हायड्रॉक्साइडनं न्यूट्रल केलं, धू धू धुतलं, तेव्हा कुठं २ च्या खाली.

तर टपरीवर आमचे सीनिअर दादा तोंडात पोहे असतानाच म्हणे, "पेशी नाही फुटल्या बापा, पण रक्त गोठते का ते कुठं पाहिलं तू?" खरंच की. टेस्टच्या रक्तात सायट्रेट असतं, ते गोठायला लागणारं कॅल्शियम धरून बसतं, मग गोठणार कसं? दुसऱ्या दिवशी कॅल्शियम परत टाकून पाहिलं. चिमट्यानं टिकली उचलली तर जेलीसारखा गोळा लटकत वर आला, शेजारच्या नुसत्या रक्ताच्या ट्यूबमध्ये अजून सगळं पातळच.

नवल काहीच नाही म्हणा, कायटोसॅनवर पॉझिटिव्ह चार्ज, लाल पेशींवर निगेटिव्ह, चिकटणारच. म्हणूनच तर रक्त थांबवायच्या पट्ट्यांत ते वापरतात. पण मला पाहिजे रक्तवाहिनीसाठी, आणि ६ मिलिमीटरपेक्षा बारीक कृत्रिम नळ्या अशाच गुठळ्या होऊन बंद पडतात. नुसतं हिमोलिसिस करून 'ब्लड कम्पॅटिबल' लिहून मोकळं व्हायचं, मीही तेच करणार होते.

सध्या टिकलीवर हिपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, लावून राहिली. निगेटिव्ह असल्यानं ते कायटोसॅनवर आपसूक बसतं, पण तसंच सोडलं तर हळूहळू धुऊन जातं, म्हणून केमिकल बॉन्डनं बांधायचं, आणि फार घट्ट बांधलं तर अँटीथ्रॉम्बिनला (गोठणं रोखणारं रक्तातलं प्रोटीन, त्याच्यामार्फतच हिपॅरिन काम करतं) धरायची त्याची जागाच अडकते. किती घट्ट, तिथंच अडलंय. काल रात्री बारा टिकल्या फ्रीज-ड्रायरला लावल्या आणि दोनदा लाइट गेली, सकाळी पाहते तर चार वितळून पार सपाट.