निळं सूप आणि मनमिळाऊ स्वभाव

शुक्रवार, रात्री उशिरा

महिनाअखेर. दिवसभर लोकांची थकबाकी टॅलीत भरायची आणि घरी येऊन पुन्हा थकबाकीचीच कादंबरी वाचायची, यावरून घरात माझी यथेच्छ चेष्टा चालू आहे. चालू दे. इंग्लिश लेखिका सोफी किन्सेला यांची नायिका रेबेका ब्लूमवुड एकदा हातात आली की मला ठेववत नाही. ही बाई लंडनच्या एका मासिकात लिहून लोकांना पैसे कसे वाचवायचे ते शिकवते आणि स्वतः क्रेडिट कार्डात गळ्यापर्यंत बुडालेली. पुस्तक उघडतं तेच बँकेच्या पत्रांनी. आधी बँक गोड बोलून ओव्हरड्राफ्ट देते, मग पत्रागणिक तिचा सूर चढत जातो.

आज स्कार्फचं प्रकरण पुन्हा वाचलं. सेलमध्ये हेरलेला स्कार्फ, दुकानात बाजूला काढून ठेवायला सांगितलेला, आणि नेमके वीस पौंड कमी. मग ही एका पत्रकार परिषदेत, आजारी मावशीसाठी भेट घ्यायची आहे, अशी थाप ठोकते. मावशी तिथल्या तिथे जन्माला आलेली. आणि ल्यूक ब्रँडन, जो पुढे नायक होणार आहे, तो मुकाट्याने वीस पौंड काढून देतो. मी मोठ्याने हसले, तर आतून सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय गं हसायला?"

"अहो आई, एक मुलगी आहे. बँकेची पत्रं आली की उघडतच नाही."

"मग पैसे भरतं कोण?"

"कुणीच नाही."

"आपल्या नानाभावजींसारखीच की. विम्याच्या नोटिसा गादीखाली सारायचे. गादी पिंजायला काढली तेव्हा सगळ्या सापडल्या." थोडं थांबून म्हणाल्या, "माणूस मात्र लाख होता."

किन्सेला स्वतः आधी अर्थविषयक पत्रकार होत्या, त्यामुळे त्यातली बँकेची भाषा इतकी अचूक उतरली आहे. खरं नाव मॅडेलिन विकहॅम. त्या नावावर बऱ्याच गंभीर कादंबऱ्या झालेल्या असताना हे पुस्तक त्यांनी आपल्याच प्रकाशकाकडे नाव न सांगता पाठवलं, आणि 2000 साली ते आलं. आपलीच लेखिका आहे हे न कळता प्रकाशकाने ते घेतलं, हा किस्सा मला कादंबरीइतकाच आवडतो. 2025 च्या डिसेंबरात त्या गेल्या. अवघ्या पंचावन्न वर्षांच्या होत्या.

अशा विनोदी प्रेमकथांची भाराभर पुस्तकं मी अर्ध्यात सोडलेली आहेत. त्यातल्या नायिकेचा दोष म्हणजे काय, तर ती धडपडते. कॉफी सांडते, नायकाच्या शर्टावरच सांडते, केस विस्कटतात आणि विस्कटलेले केस तिला शोभून दिसतात. हा दोष नव्हे, मेकअप आहे. नोकरीच्या मुलाखतीत "माझा दुर्गुण म्हणजे मी फार मेहनत करतो" असं सांगणारे असतात ना, त्यातलीच गत. रेबेकाचा दोष खरा आहे. तिच्या खोटेपणाने खरी माणसं अडचणीत येतात, वाचताना आपणच तिच्यावर चिडतो. आणि चिडूनही पुढचं पान उलटतो.

शनिवार

ताईचा फोन. भाचीचं नाव विवाहमंडळात नोंदवायचं चाललंय. उंची, पत्रिका, पगार सगळं भरून झालं आणि गाडी "स्वभाव" या रकान्यात अडली.

"काय लिहू गं?"

"सगळे काय लिहितात?"

"मनमिळाऊ."

"मग लिही मनमिळाऊ."

पोरगी कॅरममध्ये हरली की दोन दिवस कुणाशी बोलत नाही. दोन रुपये सुटे दिले नाहीत म्हणून रिक्षावाल्याशी सिग्नल सुटेपर्यंत भांडते. स्थळांना हे सांगितलं तर शंभरातले नव्व्याण्णव पळतील, हे मान्य. पण उरलेला एक ताबडतोब भेटायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

फोन ठेवला आणि ग्रॅम सिमसियनचा डॉन टिलमन आठवला. 'द रोझी प्रोजेक्ट', 2013. मेलबर्नमधला जनुकशास्त्राचा प्राध्यापक. बायको शोधायला हा पठ्ठ्या सोळा पानी प्रश्नावली तयार करतो. आपल्या मंडळांचे फॉर्म त्यापुढे काहीच नाहीत. सिगारेट ओढणारी नको, उशीर करणारी नको. याच्या घरी मंगळवारी लॉबस्टर म्हणजे लॉबस्टर, आठवड्याचा मेनू कायमचा ठरलेला. आणि येते कोण? रोझी. सिगारेट ओढते, मांस खात नाही, वेळेचं आणि तिचं वाकडं. त्या पहिल्या संध्याकाळी जेवणाचं वेळापत्रक कोसळलं म्हणून हा कासावीस होतो, तेव्हा ती सरळ घड्याळाचे काटे मागे फिरवते. झालं, आता उशीर नाही! आणि त्याला ते पटतं.

मला ती जागा फार आवडते. "जरा सैल हो रे" असा उपदेश ती करत नाही. त्याच्या विक्षिप्तपणाच्या आत शिरून, त्याच्याच नियमाने वाट काढते. सिमसियन मूळचे डेटा मॉडेलिंगवाले सल्लागार, तेव्हा तक्त्यांवर भक्ती करणारी माणसं त्यांनी जवळून पाहिलेली असणार. म्हणूनच ते डॉनला हसतात ते त्याच्या शेजारी बसून. वरून खाली बघून हसणारा लेखक दोन पानांत ओळखू येतो. मग नायिका कितीही गोड असो, माझं मन लागत नाही.

रविवार

दुपारी झोपायचं सोडून कपाट आवरलं. फडके एका बाजूला, चिं. वि. जोशी दुसऱ्या. फडक्यांच्या नायकाच्या शर्टाला सुरकुती पडलेली मला तरी आठवत नाही. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच रंगवून सांगतो, पण तो विनोदाच्या कप्प्यात. प्रेमात पडायचं तर रुबाबदार माणसाने आणि फजिती व्हायची तर लग्न झालेल्याने, अशी आमच्या कपाटाची जुनी वाटणी. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं मी पहिल्यांदा वाचलं ते हेलन फिल्डिंगच्या ब्रिजेट जोन्सच्या डायरीत.

ब्रिजेट 1995 मध्ये 'इंडिपेंडंट' वर्तमानपत्राच्या सदरातून आली, पुस्तक 1996 चं. रोजची नोंद वजनापासून सुरू: वजन इतकं, दारू इतकी, सिगारेटी इतक्या, कॅलरी इतक्या. सोडायचं सगळं, सुटत काहीच नाही. तिने पाहुण्यांना जेवायला बोलावलं तो प्रसंग आज उभ्याउभ्याच वाचला. भाजीची जुडी निळ्या दोऱ्याने बांधून पातेल्यात सोडली, दोऱ्याचा रंग उतरला आणि सूप निळंभोर. बेल वाजायची वेळ झालेली. मार्क डार्सीसारखा इस्त्रीतला बॅरिस्टर ते स्वयंपाकघर बघतो आणि तरी थांबतो. चंद्र नाही, पाऊस नाही, व्हायोलिन नाही. समोर निळं सूप आहे आणि माणूस गेलेला नाही. माझ्या लेखी याहून मोठा प्रणयप्रसंग दुसरा नाही.

पण 2013 मध्ये फिल्डिंगबाईंनी पुढचं पुस्तक काढलं आणि त्यात डार्सीला मारूनच टाकलं. वाचक खवळले, मीही त्यांतलीच. रुसून ते पुस्तक बाजूला ठेवलं होतं, ते आज कपाटाच्या मागून निघालं. ब्रिजेट एक्कावन्न वर्षांची, विधवा, पदरात दोन लहान मुलं. तिचं आता काय हसायचं, असं म्हणत पहिली काही पानं चाळली. तर बाई ट्विटरवरचे फॉलोअर मोजत बसलेली. आणि वजन अजून लिहितेच.