येऊरला नवी अंथरुणं

आज ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावर कॅनडाहून आलेल्या 'स्लीपिंग चिल्ड्रन अराउंड द वर्ल्ड' या संस्थेच्या पाहुण्यांसोबत मुलांना अंथरूण-पांघरूण वाटलं. चटई, उशी, चादर, मच्छरदाणी. सगळी खरेदी इथलीच. टोरांटोच्या मरे आणि मार्गारेट ड्रायडन या जोडप्याने १९७० मध्ये हे काम सुरू केलं, आणि पहिलं वाटप झालं आपल्या पुण्यात! विमानाचं तिकीट स्वयंसेवक स्वतःच्या खिशातून काढतात हे ऐकून आमच्यातले दोघं-तिघं गप्पच झाले. (आम्ही रिक्षाच्या भाड्यावरून वाद घालतो.)

देणगीदाराच्या नावाची पाटी ठेवून मुलांचे फोटो काढणं मला जरा खटकलं. "पैसे कुठे गेले ते कळायला नको का?" काकू म्हणाल्या. तेही खरंच. पोरांना मात्र त्या फोटोचं कसलंच काही वाटत नव्हतं. एक चिमुरडी मच्छरदाणी डोक्यावर घेऊन नवरी झाली. मग सगळ्यांनाच नवरी व्हायचं होतं, मुलग्यांनासुद्धा!