मतदार यादी आधी, घोषणा मग

गोव्याच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली आणि केंद्रशासित प्रदेशाला १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. त्या निकालावरून गोव्यात आजही माणसं हमरीतुमरीवर येतात. कौलाची मांडणी कशी झाली होती, याबद्दल मात्र फारच कमी बोललं जातं. संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. गोव्यातल्या मतदाराला दोनच चिन्हं दिली: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. वेगळ्या राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. त्यासाठी ३० मे १९८७ उजाडावा लागला. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत द्या, ही मागणी मान्य झाली नाही. आणि मतदानाआधी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं, कारण सत्तेतला पक्षच विलीनीकरणाच्या बाजूने प्रचारात होता.

म्हणजे पर्याय कोणते, मतदार कोण आणि मतदानाच्या दिवशी कारभार कोणाच्या हातात. जगात कुठेही एखादा दबलेला समाज शांतता चर्चेला बसतो, तेव्हा त्याची स्वयंनिर्णयाची मागणी याच तीन ठिकाणी तरते किंवा बुडते. हक्काचे शब्द मिळवणं त्यामानाने सोपं असतं. ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या पहिल्याच कलमात आहेत, १९६६ च्या दोन्ही मानवाधिकार करारांच्या पहिल्या कलमातही आहेत. समोरचं सरकार ते शब्द द्यायला फारसे आढेवेढे घेत नाही. आढेवेढे पुढच्या परिशिष्टात सुरू होतात.

पश्चिम पापुआचं, म्हणजे न्यू गिनी बेटाच्या डचांच्या ताब्यातल्या पश्चिम भागाचं, काय झालं ते पाहा. १५ ऑगस्ट १९६२ चा न्यूयॉर्क करार झाला नेदरलँड्स आणि इंडोनेशिया यांच्यात. पापुआचे लोक त्यात पक्षकारच नव्हते. परदेशी नागरिक नसलेल्या सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना स्वयंनिर्णयाच्या कौलात सहभागी होता येईल, असं करारात लिहिलेलं होतं. पण पद्धत ठरवायची होती स्थानिक परिषदांशी ‘सल्लामसलत’ करून. १९६९ मध्ये ती पद्धत निघाली ती अशी की हजाराहून थोडे जास्त निवडक प्रतिनिधी बोलावले, गुप्त मतदान घेतलंच नाही, आणि सगळ्यांचा कौल एकमताने इंडोनेशियाच्या बाजूने गेला. एका ढिल्या वाक्याने लाखो लोकांचं मत गिळलं. ‘प्रत्येकी एक मत, गुप्त मतपत्रिका’ हे शब्द करारात स्वच्छ लिहून घेतलेच पाहिजेत.

तीस वर्षांनी त्याच इंडोनेशियाशी पूर्व तिमोरचा प्रश्न आला, आणि गोव्याच्या वाचकाला हे उदाहरण जवळचं वाटायला हरकत नाही, कारण तेही पोर्तुगीजांच्या ताब्यातलं होतं. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियाचं सैन्य तिथे घुसलं. ५ मे १९९९ चे करार इंडोनेशिया आणि पोर्तुगाल यांच्यात, संयुक्त राष्ट्रांच्या साक्षीने झाले. सही करायला तिमोरचा माणूस इथेही नव्हता. तरी मतदार कोण, हे यावेळी पक्कं लिहिलं गेलं: वय १७ पूर्ण, आणि जन्म तिमोरमधला, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म तिथला, किंवा अशा व्यक्तीचा जोडीदार. चोवीस वर्षांत बाहेरून आणून वसवलेले लोक या व्याख्येमुळे आपोआप गळले आणि परदेशात पळालेले तिमोरी आत आले. लिस्बन, मकाव, ऑस्ट्रेलियातही मतदान झालं.

मला या मांडणीतली सर्वांत मोलाची वाटते ती मोजणीची पद्धत. मतपेट्या गावात उघडल्या नाहीत. सगळ्या राजधानी दिलीला नेल्या, मतपत्रिका एकमेकींत मिसळल्या आणि एकच एकत्रित निकाल दिला. कोणत्या गावाने काय कौल दिला, हे कळायला मार्गच ठेवला नाही. शस्त्रधारी टोळ्या मोकाट असताना गावनिहाय निकाल जाहीर करणं म्हणजे जाळायच्या घरांची यादी हातात देणं.

३० ऑगस्टला ९८ टक्क्यांहून जास्त मतदान झालं, ७८.५ टक्के लोकांनी स्वायत्तता नाकारून वेगळं होणं निवडलं. ४ सप्टेंबरला निकाल लागला आणि त्यानंतर टोळ्यांनी दिली शहर जाळलं, लाखो लोक परागंदा झाले. त्याचं मूळ करारातच होतं: सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाकडेच ठेवली होती. आंतरराष्ट्रीय सैन्य उतरलं २० सप्टेंबरला. मतदानाआधी बाहेरचं सुरक्षा दल तैनात होईल, हे कलम जकार्ताने मानलं नसतं आणि कदाचित मतदानच झालं नसतं, हे मला मान्य आहे. पण जी किंमत मोजावी लागली ती पाहता, ते कलम निदान शेवटपर्यंत ताणून धरायला हवं होतं.

व्याख्या पक्की नसली की काय होतं, ते पश्चिम सहारात, म्हणजे मोरोक्को आपला म्हणतो त्या स्पेनच्या जुन्या वसाहतीत, दिसतं. ६ सप्टेंबर १९९१ ला मोरोक्को आणि स्वातंत्र्य मागणारी पोलिसारिओ संघटना यांच्यात युद्धबंदी झाली, सार्वमत जानेवारी १९९२ मध्ये व्हायचं होतं. आधार होता स्पेनची १९७४ ची शिरगणती, तिच्यात सुमारे ७४ हजार सहरावी, म्हणजे तिथले मूळ लोक. मोरोक्कोने त्यात आणखी हजारो अर्जदार घातले. मग ओळख पटवण्याचं काम सुरू झालं: अर्जदार टेबलासमोर बसणार, कुळ आणि पोटशाखा सांगणार, दोन्ही बाजूंचे शेख तोंडी साक्ष देणार. ते काम वर्षानुवर्षं चाललं. यादी निघाली सुमारे ८६ हजारांची, तिच्यावर अपिलं आली लाखाहून जास्त. सार्वमत झालंच नाही. सुदान आणि दक्षिण सुदान यांच्यातल्या वादग्रस्त अब्येईतही हेच: तिथली न्गोक डिंका जमात आणि ‘इतर रहिवासी’ मत देणार असं लिहिलं, पण गुरं घेऊन वर्षातले काही महिने येणारे मिसेरिया रहिवासी की नाहीत, हे ठरवलंच नाही. म्हणून कराराच्या मसुद्यातच शेवटची ग्राह्य तारीख, चालणारे कागद, जन्मदाखला नसलेल्यांसाठी पर्याय आणि अपिलाची मुदत दिवसांत लिहून घ्यावी.

मोजणीत नसलेल्या माणसाला हक्क मिळत नाही, हे आपल्या घरातही घडलंय. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. त्यामुळे २००१ च्या जनगणनेत गोव्यातली अनुसूचित जमातींची संख्या नोंदली गेली ५६६, आणि २०११ मध्ये तीच झाली १,४९,२७५. विधानसभेच्या ४० जागांत त्यांना एकही राखीव जागा मिळाली नव्हती, त्यामागे हीच जुनी नोंद. सांगे-केपे तालुक्यांतले हे लोक त्या दहा वर्षांत आकाशातून पडले नव्हते.

राहिला प्रश्न निकाल बंधनकारक असण्याचा. दक्षिण सुदानने तो नीट बांधून घेतला: सुदान सरकारशी ९ जानेवारी २००५ चा करार, सहा वर्षांचा अंतरिम काळ, सार्वमताची वेळ नक्की. किमान ६० टक्के मतदानाची अट मात्र धोक्याची होती. विरोधकांनी नुसता बहिष्कार टाकला तरी निकाल रद्द होऊ शकतो. तिथे ती अट पार झाली, ९८.८३ टक्के मतं वेगळं होण्याला पडली आणि ९ जुलै २०११ ला देश झाला.

पापुआ न्यू गिनीतल्या बूगनव्हिल बेटाला तसं जमलं नाही. ३० ऑगस्ट २००१ च्या करारात सार्वमताची हमी होती, पण निकालावर पापुआ न्यू गिनी सरकारशी सल्लामसलत होणार आणि शेवटचा शब्द त्यांच्या संसदेचा, असंही होतं. २०१९ च्या अखेरीस सुमारे ९८ टक्के मतं स्वातंत्र्याला पडली. पुढची वर्षं गेली ती संसदेत मंजुरी साध्या बहुमताने की दोनतृतीयांशाने, अशा वादात. संसदेने अमुक महिन्यांत निर्णय दिला नाही तर काय, हे वाक्य २००१ लाच लिहून घ्यायला हवं होतं. तेव्हा बूगनव्हिलच्या लोकांकडे टेबलावर ठेवण्यासारखं काहीतरी होतं, त्यांच्या बंदुका. त्या कराराप्रमाणे जमा केल्या, आणि त्यानंतर राजधानी पोर्ट मोर्स्बीतल्या सरकारला घाई करण्याचं कारण उरलं नाही.